क्वार्टर गार्डमधल्या शिपायाचा वकील कोण? ठाण्याच्या विधी सेवा प्राधिकरणाला आणि वकिलांना खुले पत्र

प्रति,
मा. सचिव, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, ठाणे
आणि ठाणे, कल्याण, वाशी, बेलापूर इथल्या न्यायालयांत उभे राहणाऱ्या सर्व वकील भगिनी-बंधूंना

स.न.वि.वि.

मागच्या महिन्यात एका रविवारी संध्याकाळी खारीगावातल्या आमच्या शेजारच्या इमारतीतल्या एक ताई घरी आल्या. चप्पल काढायच्या आतच म्हणाल्या, "सुभेदारभाऊ, क्वार्टर गार्ड म्हणजे तुरुंग का हो?" (क्वार्टर गार्ड म्हणजे युनिटची पहाऱ्याची चौकी, अटकेतल्या शिपायाला तिथेच कोठडीत ठेवतात.) त्यांचा मुलगा शिपाई आहे. नऊ वर्षं नोकरी झाली, युनिट इथून दीड-दोन दिवसांच्या प्रवासावर. अकरा दिवसांपूर्वी त्याचा मिनिटभराचा फोन आला होता. "आई, मला क्वार्टर गार्डमध्ये ठेवलंय. काळजी करू नको. वकील वगैरे काही लागत नाही म्हणतात." मग फोन कट. त्यानंतर काहीच नाही.

त्या अकरा दिवसांत ताई बसून राहिल्या नव्हत्या. पोलीस ठाण्यात गेल्या, तिथे कळलं की मिलिटरीच्या भानगडीत पोलीस पडत नाहीत. ओळखीच्या एका वकिलांकडे गेल्या. ते भले गृहस्थ, फी न घेता बोलले, पण म्हणाले की आर्मी ॲक्ट मी कधी उघडून पाहिलेला नाही, तुम्ही दिल्लीचा कुणीतरी बघा. आणि गावाकडच्या एका निवृत्त नातेवाइकाने सांगितलं, गप्प बसा, जास्त हलवाहलव केली तर पोराचंच वाईट होईल. तिन्ही उत्तरांत मला सगळ्यात जास्त लागलं ते हे तिसरं. ते माझ्याच जातकुळीच्या माणसाने दिलं होतं, आणि एके काळी मीही तेच दिलं असतं.

मी फौजेत अठ्ठावीस वर्षं काढली, त्यातली बहुतेक युनिटच्या ऑफिसात. शिपायाला अटक झाली की पहिला कागद आमच्या टेबलावर यायचा. आर्मी ॲक्ट, १९५० आणि आर्मी रूल्स, १९५४ ही दोन पुस्तकं माझ्या कपाटात असायची. म्हणून हे पत्र लिहायचा मला थोडा अधिकार आहे असं समजतो.

फौजेविरुद्ध मला काही लिहायचं नाही. ज्या सीओंच्या, म्हणजे कमांडिंग ऑफिसरांच्या, हाताखाली मी काम केलं त्यातले बहुतेक जवानाकडे घरच्या पोरासारखं बघणारे होते. कायद्यातही शिपायाला वाऱ्यावर सोडलेलं नाही. पण तो कायदा ताईंपर्यंत आणि तिच्या पोरापर्यंत पोचवणारा माणूस ठाण्यात कुठे बसतो, ते मला सापडत नाही. तो माणूस तुमच्याकडे बसावा एवढीच माझी मागणी आहे. ती का, ते जरा विस्ताराने सांगतो.

साध्या नागरिकाला पकडलं तर संविधानाच्या अनुच्छेद २२ प्रमाणे त्याला अटकेचं कारण सांगावं लागतं, आपल्या पसंतीच्या वकिलाशी बोलू द्यावं लागतं आणि २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं लागतं. शिपायाच्या बाबतीत अनुच्छेद ३३ संसदेला हे हक्क कमी-जास्त करायची मुभा देतो. म्हणून आर्मी ॲक्टमध्ये दंडाधिकाऱ्याच्या जागी त्याचा कमांडिंग ऑफिसर येतो आणि २४ तासांच्या जागी ४८ तास येतात, तेही रविवार आणि सुट्ट्या वगळून. एवढ्या काळात आरोपाची चौकशी व्हावी हे पाहणं कलम १०२ प्रमाणे सीओचं कर्तव्य आहे. नाही झाली तर का नाही झाली ते वरच्या अधिकाऱ्याला कळवावं लागतं. कलम १०३ त्याच्या पुढचं आहे. शिपाई प्रत्यक्ष मोहिमेवर नसेल आणि कोर्ट मार्शल न बसता आठ दिवस उलटले, तर उशिराची कारणं देणारा खास अहवाल पाठवावा लागतो, आणि तो सुटेपर्यंत किंवा कोर्ट बसेपर्यंत दर आठ दिवसांनी पुन्हा. आमच्याकडे त्याला डिले रिपोर्ट म्हणत. असे कित्येक रिपोर्ट मी या हातांनी टाईप केले आहेत. विनाकारण माणूस डांबून ठेवणाऱ्याला कलम ५० खाली दोन वर्षांपर्यंत कैद आहे, हे तर फौजेतल्याही पुष्कळांना माहीत नसतं.

ऑफिसात बसून मी एक गोष्ट पाहिली. ज्याच्या घरून रजिस्टर पत्र यायचं, ज्यात तारीख, कलम आणि "कृपया लेखी कळवावे" एवढं असायचं, त्याची फाईल दुसऱ्या दिवशी सीओंच्या टेबलावर असायची. ज्याच्या घरून फक्त रडका फोन यायचा, त्याला आम्ही "हो हो, बघतो" म्हणायचो. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण खरं आहे. एक पानी पत्राने फरक पडतो. ते पान ताईंना कोण लिहून देणार?

आता माझ्याच हातून झालेली एक गोष्ट. पंचवीसेक वर्षं झाली. युनिटचं नाव सांगत नाही.

कोकणातला एक शिपाई रजेवर गेला आणि एक्केचाळीस दिवस उशिरा परतला. बापाला अर्धांगवायूचा झटका आला होता, घरात दुसरं करतं माणूस नव्हतं. रजा वाढवून मिळावी म्हणून त्याने तार केली होती. ती तार युनिटला मिळाली की नाही हे कधीच नीट तपासलं गेलं नाही. समरी कोर्ट मार्शल लागलं. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: समरी कोर्ट मार्शलमध्ये न्यायाधीश एकच, तो म्हणजे त्या युनिटचा सीओ. दुसरे दोघे, अधिकारी किंवा सुभेदारांसारखे जेसीओ, हजर असतात, पण निकालात त्यांचं मत नसतं. सीओ लेफ्टनंट कर्नल किंवा वरच्या हुद्द्याचा असेल तर वर्षभर कैद आणि नोकरीतून बडतर्फी, एवढी शिक्षा देऊ शकतो. ती लगेच अमलात येते. कागद नंतर वरच्या अधिकाऱ्याकडे तपासायला जातात.

नियम १२९ प्रमाणे आरोपीला सोबत एक माणूस घेता येतो, वकील असो की कुणीही. फौजेत त्याला फ्रेंड ऑफ द ॲक्यूज्ड म्हणतात. त्या पोराने माझं नाव दिलं, कारण मी मराठी होतो. आदल्या रात्री क्वार्टर गार्डमध्ये मी त्याला दहा मिनिटं भेटलो. सांगितलं, कबूल करू नकोस. कलम ३९ मध्ये "पुरेशा कारणाशिवाय" रजेपेक्षा जास्त राहणं हा गुन्हा आहे. तुझ्याकडे कारण आहे, दवाखान्याचा कागद आहे, तारेचं सांग. तो म्हणाला, होय साहेब.

सकाळी त्याला टोपी-पट्टा उतरवून आत आणलं. मध्ये कुणीतरी त्याला सांगितलं असावं की मान्य कर, साहेब माफ करतील. सीओंनी आरोप वाचला आणि विचारलं. पोरगा म्हणाला, "कबूल आहे." नियम ११५ सांगतो की अशी कबुली लिहून घेण्याआधी तिचा अर्थ आणि परिणाम आरोपीला समजला आहे याची खात्री कोर्टाने करून घ्यायची. ती खात्री एका वाक्यात झाली. नियम १२९ मला सल्ला द्यायची परवानगी देतो, प्रश्न सुचवायची देतो, पण साक्षीदाराला प्रश्न विचारायची किंवा कोर्टाशी बोलायची देत नाही. मी एका चिठ्ठीवर लिहिलं, "तारेचं सांग." ती त्याच्यापुढे सरकवली. त्याने चिठ्ठी वाचली, वर साहेबांकडे पाहिलं, आणि घडी करून मुठीत धरली. बोलला नाही. अर्ध्या तासात सगळं आटपलं. तीन महिने कैद आणि बडतर्फी. अकरा वर्षांची नोकरी गेली, ग्रॅच्युइटी गेली.

त्याच्याजवळ आदल्या आठवड्यात एखादा वकील दोन तास बसला असता तर? कोर्टात तोंड न उघडताही त्या वकिलाने तारघरातून पावती काढली असती, दवाखान्याचा दाखला मागवला असता, आणि त्या पोराला "कबूल" या शब्दाची किंमत समजावली असती. मी बाबू होतो, सीओंच्याच हाताखालचा. माझ्या दहा मिनिटांत ते जमलं नाही. इतकी वर्षं झाली तरी ती घडी केलेली चिठ्ठी डोळ्यांसमोरून जात नाही.

तुम्ही म्हणाल, ही जुनी गोष्ट झाली. काही प्रमाणात झाली. १९८२ साली लेफ्टनंट कर्नल पृथीपाल सिंग बेदी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट खंत व्यक्त केली होती की कोर्ट मार्शलच्या निकालावर साधं एक अपीलसुद्धा नाही. ते अपील यायला २००९ साल उजाडलं, तेव्हा सशस्त्र दल न्यायाधिकरण सुरू झालं. सत्तावीस वर्षं. आज त्या न्यायाधिकरणाचं एक खंडपीठ आपल्या मुंबईत आहे, कळव्याहून लोकलने जाऊन यायच्या अंतरावर. कोर्ट मार्शलविरुद्ध अपील तिथे होतं, जामीन द्यायचाही त्याला अधिकार आहे. २०१६ मध्ये विश्वप्रिय सिंग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की समरी कोर्ट मार्शल हा अपवाद आहे, ताबडतोब कारवाईची गरज असेल तरच तो मार्ग घ्यावा.

आणि १९८७ चा रणजित ठाकूर यांचा निकाल तुमच्यापैकी प्रत्येकाने एकदा वाचावा अशी माझी विनंती आहे. सिग्नल रेजिमेंटमधला साधा जवान. वरिष्ठांविरुद्ध त्याने थेट वर तक्रार पाठवली म्हणून त्याला आधी २८ दिवसांची शिक्षा झाली. ती भोगत असताना एका दुपारी त्याने जेवण नाकारलं. जेवायचा हुकूम मोडला म्हणून दुसऱ्या दिवशी समरी कोर्ट मार्शल, एक वर्ष सक्तमजुरी आणि बडतर्फी. ज्यांच्याविरुद्ध त्याची तक्रार होती तेच त्या कोर्टात बसले होते. सर्वोच्च न्यायालयाने सगळं रद्द केलं आणि त्याला पगारासकट नोकरीत परत घेतलं. पक्षपाताचा विषय निघाला की आजही या निकालाचा आधार घेतला जातो. पण दिल्लीपर्यंत पोचलेला तो एक ठाकूर झाला. न पोचलेले किती, ते कोण मोजतं?

हे सगळं तुमच्या कामात कसं बसतं, तेही पाहिलं. माझ्याकडे विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ ची प्रत आहे. कलम १२ मध्ये मोफत कायदेशीर मदत कुणाला मिळते ते दिलं आहे. त्यात "कोठडीत असलेली व्यक्ती" आहे. पोलीस कोठडी असं म्हटलेलं नाही, न्यायालयीन असंही नाही. कोठडी म्हणजे कोठडी. त्याच कलमात "स्त्री किंवा बालक" आहे, म्हणजे या ताईंना त्यांचं उत्पन्न न विचारता स्वतःच्या नावाने मदत मागता येते. आणि कलम २ मध्ये "न्यायालय" या शब्दात न्यायाधिकरण तर आहेच, शिवाय कायद्याने नेमलेलं आणि न्यायनिवाड्याचं काम करणारं कुठलंही प्राधिकरण आहे. कोर्ट मार्शल त्याबाहेर कसं राहील? मी वकील नाही, माझं वाचन चुकत असेल तर जरूर दुरुस्त करा. पण मला तरी दार उघडंच दिसतं. त्यावर पाटी तेवढी लावायची राहिली आहे.

तुमच्या कार्यालयाबद्दल माझी तक्रार नाही. ताई तुमच्याकडे आल्याच नव्हत्या. मिलिटरीच्या कामासाठी तिथे जाता येतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही ते कायद्याची प्रत चाळेपर्यंत सुचलं नव्हतं.

म्हणून मागतो ते असं. तुमच्या पॅनेलवरच्या चार-पाच वकिलांना आर्मी ॲक्ट, नेव्ही ॲक्ट आणि एअर फोर्स ॲक्ट यांची नीट ओळख करून द्या. मुंबईच्या खंडपीठात काम करणारे वकील शिकवायला मिळतील, निवृत्त जॅग अधिकारी, म्हणजे लष्कराच्या कायदा विभागातले, तेही मिळतील. त्यातल्या एकाने महिन्यातून एकदा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात बसावं. पेन्शनच्या कामाला तिथे आमची सगळी माणसं येतातच, रांगेतल्या दहांत एखादी तरी आई असते जी दुसरंच काही विचारायला आलेली असते आणि विचारत नाही. युनिट जोधपूरला असो की तेजपूरला, तिथल्या जिल्ह्यातही तुमच्यासारखंच प्राधिकरण आहे. ठाण्याहून तिथे एक पत्र गेलं तर तिथला वकील युनिटच्या गेटपर्यंत जाऊ शकतो. आमच्या घरच्या माणसांना ते जमत नाही, तिकीट काढायलाच उसनवारी करावी लागते.

आणि मराठीत एक पान छापा. अटकेचा फोन आला की काय विचारायचं: आरोप कोणत्या कलमाखाली, अटक कोणत्या तारखेला, सीओंपुढे सुनावणी झाली का, समरी ऑफ एव्हिडन्स, म्हणजे साक्षीपुराव्याची लेखी नोंद, लिहून घेतली का. पोराला काय सांगायचं: बयाण द्यायची सक्ती तुझ्यावर नाही. साक्षीदारांना उलट प्रश्न विचारायचा हक्क सुनावणीच्या वेळी तुला आहे. जनरल किंवा डिस्ट्रिक्ट कोर्ट मार्शल (ज्यात एकटा सीओ नाही, अनेक अधिकारी मिळून निकाल देतात) असेल तर तुला बचाव अधिकारी मागता येतो आणि स्वतःचा वकीलही उभा करता येतो. आरोप सांगितल्यापासून खटला उभा राहीपर्यंत मोहिमेवर नसशील तर ९६ तास मिळालेच पाहिजेत. एवढं छापून पेन्शनच्या रांगेत वाटलं तरी पुष्कळ होईल. पंधरा एक शून्य शून्य हा तुमचा हेल्पलाईन नंबरही त्यावर मोठ्या अक्षरांत टाका.

वकील मंडळींना एक वेगळं सांगायचं आहे. काही आरोप असे असतात की नाव ऐकूनच माणूस मागे सरतो. गुप्त माहिती बाहेर दिल्याचा, हत्यार विकल्याचा. अशा पोराचं वकीलपत्र घेतलं तर लोक काय म्हणतील, ही भीती मी समजू शकतो. पण २०१० मध्ये मोहम्मद रफी विरुद्ध तमिळनाडू या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की अमक्याचं वकीलपत्र कुणी घ्यायचं नाही असा ठराव बार असोसिएशनने केला तर तो कायद्याने शून्य आहे. आणि फार मागे जायचं तर १९४५ च्या नोव्हेंबरात लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या तीन अधिकाऱ्यांवर लष्करी न्यायालयात खटला उभा राहिला, राजाविरुद्ध युद्ध पुकारल्याचा, तेव्हा बचावाला उभे होते ते मुंबईचे भुलाभाई देसाई. त्या खटल्याकडे अख्खा देश बघत होता. खारीगावच्या शिपायाकडे त्याची आई सोडून कुणी बघत नाही, एवढाच फरक.

ताई गेल्यावर त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी फिरायला कळवा पुलावरून पलीकडे गेलो. पूल उतरला की कारागृहाची भिंत लागते. तो मूळचा ठाण्याचा किल्ला. १८१५ साली कंपनी सरकारने पेशव्यांचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळ्यांना तिथेच गोऱ्या शिपायांच्या पहाऱ्यात ठेवलं होतं. खून केल्याचा आरोप होता, पण खटला कधी चालला नाही, बाजू मांडायला कुणी नाही. पुढच्या वर्षी ते निसटले. बाहेर घोड्याचा खरारा करणारा मोतद्दार मराठीत गाणं म्हणायचा आणि त्यातून निरोप आत पोचायचा असं सांगतात, पहाऱ्यावरच्यांना भाषा कळत नव्हती. पुन्हा सापडले तेव्हाही खटला नाहीच, चुनारच्या किल्ल्यात कैदेतच मेले. त्यांनी केलं ते बरोबर की चूक, तो वाद इथे नको. त्या भिंतीकडे बघताना मला एवढंच वाटलं की आतल्या माणसाला बाहेरून त्याच्या भाषेत कुणीतरी काही सांगायला हवं, ही गरज दोनशे वर्षांत बदललेली नाही. आता ते काम गाण्याने करायला लागत नाही, त्यासाठी कायदा आहे.

कुणी म्हणेल, वकील घुसले की शिस्त बिघडेल. मी शिस्तीतच आयुष्य काढलं आहे. कलम १०२ आणि १०३ शिस्तीचाच भाग आहेत, आर्मी रूल्सही. शिपायाने नियम पाळायचे आणि त्याच्यासाठी लिहिलेले नियम मात्र त्याने वाचायचे नाहीत, अशी शिस्त मला कुठल्याही पुस्तकात सापडली नाही. उलट ज्या युनिटात आरोपीचं नीट ऐकून घेतलं जायचं, तिथे दुसरी पोरं निर्धास्त असायची. १९८४ मध्ये मणिपूरमधल्या दोन माणसांच्या प्रकरणात, ज्यांना फौजेने नेलं आणि जे पुन्हा दिसले नाहीत, सर्वोच्च न्यायालयाने हेबियस कॉर्पसचा, म्हणजे नेलेल्या माणसाला कोर्टापुढे हजर करा असा, हुकूम फौजेलाही लागू आहे हे दाखवून दिलं आणि त्यांच्या बायकांना प्रत्येकी एक लाख रुपये द्यायला लावले. ते नागरिक होते, त्यांची गोष्ट वेगळी आणि जास्त भयंकर. पण त्या निकालानंतर फौज कमजोर झाली असं मी तरी नोकरीत असताना कुणाकडून ऐकलं नाही.

ताईंच्या मुलासाठी मी एक पत्र लिहून दिलं. ताईंच्या सहीने, युनिटच्या सीओंच्या नावे, रजिस्टर पोस्टाने. आरोप, कलम, अटकेची तारीख, सुनावणीची तारीख, एवढंच विचारलं. आठव्या दिवशी मुलाचा फोन आला, या वेळी दहा मिनिटांचा. चार्जशीट मिळाली आहे, प्रत पोस्टात टाकली आहे. पुढे काय करायचं ते त्याला माहीत नाही, आणि यापुढचं मलाही पुरेसं येत नाही. पुन्हा कुणाच्या तरी हातात चिठ्ठी सरकवून गप्प बसायची माझी तयारी नाही.

ती प्रत या आठवड्यात येईल. सोमवारी सकाळी अकरा वाजता ताईंना घेऊन मी कोर्टनाक्यावर तुमच्या कार्यालयात येतो आहे. आर्मी ॲक्टची माझी जुनी प्रतही सोबत आणतो, खुणा केलेली आहे.

आपला,
एक निवृत्त सुभेदार
खारीगाव, कळवा, ठाणे